कुंपणच शेत खाऊं लागलें तर?

शेताला कुंपण कशाला लागतें हें शेतकऱ्याला सांगावयास नको. ढोरांनीं पिकांत शिरूं नये, चोरानें कणसें खुडूं नयेत म्हणून तो बाभळीच्या फांद्या तोडतो, हातांत कांटे मोडून घेतो आणि बांधाला कुंपण घालतो. पण तेंच कुंपण शेत खाऊं लागलें तर दाद कोणाकडे मागावी? पोलीस हें रयतेच्या जिवाला आणि मालाला घातलेलें कुंपण होय. त्याचा पैसा रयतच भरते. मग हें कुंपण धड आहे कीं पोखरलें आहे, हें कोणी तपासावयाचें?

इंग्लंड आणि वेल्स या मुलखांनीं या प्रश्नाचें एक उत्तर २०१२ सालीं काढलें. पोलिसांवर देखरेख करणारा मनुष्य लोकांनींच मत देऊन निवडावा, असें तें उत्तर होतें. तेरा वर्षें प्रयोग चालला आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत तेथील सरकारनें जाहीर केलें कीं, ही जागा २०२८ च्या मे महिन्यांत मोडून टाकावयाची. ही बातमी वाचून आपल्याकडचे कित्येक शहाणे मान डोलावतील. "पहा, इंग्लंडासारख्या शिकलेल्या देशांतही पोलिसांची लगाम लोकांच्या हातीं देणें साधलें नाहीं, मग आपल्या अडाणी रयतेची काय कथा? तें काम जाणत्यांचें, त्यांच्याकडेच राहूं द्या," असें ते म्हणतील. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. इंग्लंडांत लोक नापास झाले नाहींत. लोकांच्या हातीं जी दोरी दिली तीच तोकडी आणि दूरची होती. हें कसें तें वाचकांपुढें मांडणें आम्हांला अगत्याचें वाटतें.

प्रथम ही जागा काय आहे तें पाहूं. आपल्याकडे पोलीस कमिशनर म्हटला कीं वर्दीतला बडा अंमलदार डोळ्यांपुढें उभा राहतो. इंग्लंडांतला हा 'पोलीस व गुन्हे कमिशनर' तसा नव्हे. त्याच्या अंगावर वर्दी नाहीं, कमरेला पट्टा नाहीं. २०११ च्या कायद्यानें निर्माण केलेला तो लोकांचा मुखत्यार आहे. पहिल्या खेपेस असे ४१ मुखत्यार निवडले गेले. लंडनचें काम मात्र तेथील मेयरकडे राहिलें. त्याचीं कामें मोजकीं, पण वजनदार. परगण्यांत कोणत्या गुन्ह्यांकडे आधीं लक्ष पुरवावयाचें याचा आराखडा त्यानें करावयाचा. पोलीसखात्याचें अंदाजपत्रक ठरवावयाचें आणि घरपट्टींत पोलिसांसाठीं किती पैसा घ्यावयाचा तें सांगावयाचें. चीफ कॉन्स्टेबल म्हणजे परगण्याच्या पोलिसांचा मुख्य. तो नेमावयाचा, त्याला जाब विचारावयाचा आणि वेळ पडल्यास घरीं बसवावयाचा. गुन्ह्यानें नाडलेल्या माणसांना मदत करणाऱ्या संस्थांना पैसा पुरवावयाचा.

एक गोष्ट मात्र त्याला करतां येत नाहीं. अमक्याला धरा, तमक्याला सोडा, असा हुकूम तो देऊं शकत नाहीं. तपास आणि अटक या बाबतींत चीफ कॉन्स्टेबल कायद्याखेरीज कोणाचा चाकर नाहीं. ही मेख वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावी. कारण आपल्याकडचा पुढारी "पोलिसांवर लक्ष ठेवतों" असें म्हणतो, तेव्हां ठाण्यावर फोन करून आपला माणूस सोडवून आणणें हाच बहुधा त्याचा अर्थ असतो! लक्ष ठेवणें निराळें आणि लुडबूड करणें निराळें. पहिलें लोकांसाठीं असतें. दुसरें लोकांच्या नांवावर खपविलेला आपलाच धंदा असतो.

ही जागा निघण्यापूर्वीं तेथें पोलिसांचा धनी कोण होता? शहरांतून १८३५ च्या कायद्यानें नगरपालिकेची पहारा-कमिटी झाली. परंतु खेड्यापाड्यांच्या परगण्यांत ही सत्ता 'जस्टिस ऑफ दि पीस' म्हणून नेमलेल्या जमीनदार मंडळींच्या हातीं होती. ज्याच्या रानांतला ससा मारला म्हणून मजुराला धरावयाचें, त्याच्याच जातभाईंच्या हातीं पोलीसही आणि निवाडाही! १८८८ सालीं या सत्तेंत निवडलेल्या सभासदांना निम्मा वांटा मिळाला. १९६४ च्या कायद्यानें जीं पोलीसमंडळें झालीं त्यांत दोन वांटे निवडलेले सभासद आणि एक वांटा मॅजिस्ट्रेट बसूं लागले. सत्तेचें हें हळूहळू सरकणें पाहिलें म्हणजे कळतें कीं, पोलिसांवरचा लोकांचा हक्क कोणी ताटांत वाढून दिलेला नाहीं. तो वीत वीत करून घ्यावा लागला आहे.

आतां एकच परगणा घेऊं म्हणजे सगळें स्पष्ट होईल. इंग्लंडच्या उत्तरेस दक्षिण यॉर्कशायर म्हणून परगणा आहे. त्यांतलें शेफील्ड शहर सुऱ्या-कात्र्यांसाठीं आणि पोलादासाठीं जगांत नांवाजलेलें. भोंवतीं पूर्वीं कोळशाच्या खाणी होत्या. तेरा लाखांवर वस्ती, बहुतेक कामकरी. म्हणजे आपल्यासारखीच घामानें जगणारी माणसें. १९८४ सालीं खाणकामगारांचा मोठा संप झाला. १८ जून रोजीं ऑर्ग्रीव्ह येथें पोलिसांनीं घोडे घालून संपवाल्यांना झोडपलें. वर ९५ जणांवर दंगलीचे व बेकायदा जमावाचे खटले भरले. पुढच्या वर्षीं कोर्टांत पोलिसांची साक्ष टिकली नाहीं आणि खटला कोसळला. १९९१ मध्यें ३९ कामगारांना सव्वाचार लाख पौंड भरपाई द्यावी लागली. पण एकाही पोलीस अंमलदाराला त्याबद्दल शिक्षा झाली नाहीं. या प्रकरणाची सरकारी चौकशी व्हावयाला २०२५ साल उजाडलें!

त्याच पोलिसांच्या हद्दींत १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्याला आलेलीं माणसें गर्दींत चेंगरलीं. त्यांत ९७ जीव गेले. शेवटचा जखमी २०२१ सालीं वारला. गर्दीची व्यवस्था पोलिसांची, दार उघडण्याचा हुकूम पोलिसांचा. आणि दोष कोणाला? तर मेलेल्या माणसांना! ते दारू पिऊन आले होते, दांडगाई करीत होते, असें पसरविण्यांत आलें. २०१२ च्या सप्टेंबरांत स्वतंत्र मंडळाचा अहवाल बाहेर आला तेव्हां कळलें कीं, पोलिसांच्या स्वतःच्या १६४ जबान्या मागाहून फिरविल्या होत्या. मृतांच्या आयांनीं सत्तावीस वर्षें कोर्टाचीं दारें ठोठावलीं. २०१६ सालीं ज्यूरीनें सांगितलें कीं, हीं माणसें गैररीतीनें मारलीं गेलीं आणि त्यांत प्रेक्षकांचा कांहींएक दोष नव्हता.

अशा परगण्यांत, त्या अहवालानंतर दोनच महिन्यांनीं, १५ नोव्हेंबर २०१२ रोजीं लोकांना सांगण्यांत आलें कीं, आतां पोलिसांवरचा मुखत्यार तुम्हीं निवडा. लोकांनीं केवढ्या उत्साहानें धांवावें! पण झालें काय? साऱ्या देशांत शंभरांतले सुमारें १५ मतदार घराबाहेर पडले. वेल्समधील न्यूपोर्ट शहरांत तर एका मतदानकेंद्रावर दिवसभरांत एकही मत पडलें नाहीं. पेटी रिकामी आली आणि रिकामी गेली.

लोक आळशी म्हणून असें झालें काय? कारणें पाहा. निवडणूक ठेविली नोव्हेंबरांत, म्हणजे थंडीच्या आणि अंधाराच्या दिवसांत. पार्लमेंटच्या निवडणुकींत उमेदवाराचें एक पत्रक सरकारी खर्चानें घरोघर टपालानें जातें. येथें ती सोय दिली नाहीं. ज्याला उमेदवार जाणून घ्यावयाचे असतील त्यानें संगणकावर शोधावें, असें सांगितलें. पार्लमेंटला उभें राहणाराची अनामत रक्कम ५०० पौंड, आणि येथें ५,००० पौंड, म्हणजे दसपट! खाणींत राबणाऱ्यानें ती कोठून आणावी? मतदारसंघ केवढा? तर दहा-तेरा लाखांच्या परगण्याला एक मनुष्य. ज्याला कधीं पाहिलें नाहीं, ज्याचें काम कोणी समजावून सांगितलें नाहीं, त्याला मत द्यावयास लोक गेले नाहींत, यांत नवल तें काय? बी खडकावर टाकावयाचें आणि उगवलें नाहीं म्हणून जमिनीला नांवें ठेवावयाचीं, असा हा न्याय झाला.

पुढें पक्षांनीं ही जागाही गिळली. पहिल्या निवडणुकींत ४१ पैकीं १२ अपक्ष निवडून आले होते. २०१६ मध्यें तीन उरले. २०२१ मध्यें एकही नाहीं. पोलिसांना जाब विचारण्याची जागा पक्षाच्या थोरामोठ्यांना वांटण्याच्या जागांपैकीं एक होऊन बसली.

दक्षिण यॉर्कशायरनें पहिल्याच खेपेस निवडलेला मुखत्यार म्हणजे शॉन राइट. त्यापूर्वीं ते रॉदरहॅम शहराच्या कौन्सिलांत मुलांच्या संगोपनखात्याचे प्रमुख सभासद होते. २०१४ च्या ऑगस्टांत प्रोफेसर ॲलेक्सिस जे यांचा चौकशी-अहवाल प्रसिद्ध झाला. १९९७ ते २०१३ या काळांत त्या एका शहरांत निदान १,४०० मुलांमुलींवर लैंगिक अत्याचार झाले, आणि कौन्सिल व पोलीस या दोघांनीं त्याकडे डोळेझांक केली, असें त्यांत नमूद होतें. पोरी गरीब घरच्या, कांहीं अनाथालयांतल्या. त्यांचें कोणी खरें मानलें नाहीं. अहवाल निघतांच राइट यांनीं पायउतार व्हावें अशी मागणी पंतप्रधानांपासून त्यांच्या स्वतःच्या पक्षापर्यंत सर्वांनीं केली. त्यांनीं पक्ष सोडला, पण खुर्ची सोडली नाहीं! देखरेखीच्या मंडळानें अविश्वासाचा ठराव केला. पण त्या ठरावाला कायद्यांत किंमत शून्य. ज्यांनीं मत दिलें त्यांनाही तें परत घेतां येईना. कारण निवडलेला मनुष्य मुदतीपूर्वीं परत बोलावण्याची वाटच कायद्यानें ठेविली नव्हती. अखेर १६ सप्टेंबरला त्यांनीं आपण होऊन राजीनामा दिला. तीन आठवडे एक परगणा ओरडत होता, आणि लोकशाहीचा कायदा हाताची घडी घालून उभा होता.

त्याच परगण्याची दुसरी बाजू पाहा. पोटनिवडणुकींत ॲलन बिलिंग्ज नांवाचे पाद्री निवडून आले. २०१६ मध्यें हिल्सबरोचा निकाल लागला तेव्हां त्यांनीं दुसऱ्याच दिवशीं चीफ कॉन्स्टेबल डेव्हिड क्रॉम्प्टन यांना दूर केलें. परगण्याचा पोलिसांवरचा विश्वास उडाला आहे, असें त्यांचें म्हणणें. परंतु २०१७ मध्यें हायकोर्टानें हें दूर करणें बेकायदा ठरविलें. येथें आम्हीं कोर्टाला दोष देत नाहीं. लोकांच्या रागावर अंमलदाराची नोकरी टांगून ठेविली तर उद्यां कोणताही अंमलदार बलवानाच्या कलानेंच चालेल. पण दोन्ही गोष्टी शेजारीं ठेवून पाहा. नालायक ठरलेला मुखत्यार लोकांना काढतां आला नाहीं, आणि लोकांच्या मुखत्याराला अंमलदार काढावयाचा तर वाट अरुंद. २०२४ च्या मे महिन्यांत या परगण्यांतली ती जागा गेली आणि काम मेयरकडे सोंपविलें गेलें. आतां बाकीच्या देशांतही मेयर किंवा कौन्सिलच्या मुख्यांचें मंडळ हेंच काम पाहील, असा तेथील सरकारचा बेत आहे. दोरी एका खुंट्यावरून काढून दुसऱ्यावर अडकविली. तिचें टोंक मात्र लोकांच्या हातीं नव्हतें तें नव्हतेंच.

मग लोकांना या कामांत गोडीच नाहीं, असें समजावें काय? बेडफर्डशायर परगण्याची हकीकत ऐका. तेथील मुखत्याराला पोलिसांसाठींची पट्टी १५.८ टक्के वाढवावयाची होती. एवढी वाढ करावयाची तर कायद्याप्रमाणें लोकांना विचारणें भाग होतें. ७ मे २०१५ रोजीं त्या प्रश्नावर मतें घेतलीं; शंभरांतल्या सुमारें ७० जणांनीं साफ नाहीं म्हणून सांगितलें. लोकांचा निर्णय बरोबर होता कीं चूक, हा वाद निराळा. पण प्रश्न सरळ आणि घरच्या पैशाचा होता, म्हणून उत्तरही सरळ आलें. विचारावयाचें तें नीट विचारलें तर रयत मुकी नसते.

आणि एक चाल त्या देशांत आहे, जिच्याबद्दल वर्तमानपत्रांत फारसा गाजावाजा होत नाहीं; पण आमच्या मतें साऱ्या प्रकरणांत शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. १९८१ सालीं लंडनच्या ब्रिक्सटन भागांत काळ्या लोकांच्या वस्तींत पोलिसांच्या जाचावरून दंगा उसळला. लॉर्ड स्कारमन यांनीं चौकशी केली आणि बाहेरच्या माणसांनीं पोलीसकोठड्या पाहाव्या अशी सूचना पुढें आली. २००२ च्या कायद्यानें ती सक्तीची झाली, आणि २०१२ पासून ती चालविणें याच लोकनियुक्त कमिशनराच्या कामांत आलें. परगण्यांतलीं साधीं माणसें, दुकानदार, शिक्षक, पेन्शनर, बिनपगारी हें काम पत्करतात. दोघे दोघे मिळून जातात. आगाऊ वर्दी न देतां, दिवसा किंवा रात्रीं, ठाण्याचें दार ठोठावतात. आणि त्यांना आंत घ्यावें लागतें. कोठडींतल्या माणसाची संमति घेऊन ते त्याच्याशीं बोलतात. खावयास मिळालें काय? पांघरूण आहे काय? आजारी असल्यास डॉक्टर आला काय? तुझे हक्क तुला सांगितले काय? पाहिलें तें लिहून देतात. ते कोणाला सोडवीत नाहींत, तपासांत तोंड घालीत नाहींत. फक्त पाहतात. पण कोणत्याही घटकेला कोणीतरी पाहावयास येईल, एवढ्या धास्तीनें हात उगारण्यापूर्वीं मनुष्य एकदां दाराकडे बघतो. चार वर्षांतून एकदां टाकलेल्या चिठ्ठीनें जें होत नाहीं, तें दारावरच्या अवचित थापेनें होतें.

आतां घराकडे वळूं. महाराष्ट्रांतले पोलीस १९५१ च्या कायद्याखालीं चालतात, आणि त्यांच्यावरची देखरेख राज्यसरकारची आहे. गांवचा पोलीसपाटील १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याप्रमाणें सरकारी अंमलदार नेमतो. ग्रामसभा त्याला निवडीत नाहीं. २२ सप्टेंबर २००६ रोजीं सुप्रीम कोर्टानें प्रकाश सिंह खटल्यांत सात हुकूम दिले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठीं स्वतंत्र प्राधिकरणें स्थापावीं, हा त्यांतला एक. महाराष्ट्रानें २०१४ सालीं कायदा दुरुस्त करून राज्याचें आणि विभागांचें अशीं प्राधिकरणें ठरविलीं. आमच्या वाचकांपैकीं किती जणांनीं त्यांचें नांव ऐकलें आहे? न्यूपोर्टची रिकामी पेटी आणि आपलें हें अज्ञान, दोन्ही एकाच झाडाचीं फळें.

"मग आपल्याकडेही असा मुखत्यार निवडावा," असें कोणी म्हणेल, त्याला आम्हीं थांबवूं. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढें पारध्यासारख्या जमातींतलीं पोरें जन्मतःच चोर ठरविलीं. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला. पण गांवांत चोरी झाली कीं पहिली धाड पालावरच पडते, हें कोणाला ठाऊक नाहीं? निवडून येणारा मनुष्य मतें मोजतो. पालावर मतें किती? दोन-चार! मोठ्या वस्तीचीं मतें मिळविण्यासाठीं तो पोलिसांना पालाकडेच पिटाळील. रॉदरहॅमच्या पोरींनाही मतें नव्हतीं. म्हणून केवळ निवडणुकीनें पोलीस सुधारतील, ही समजूत भोळी आहे. बहुमताची लगाम बलवानाच्या हातीं गेली कीं तिचाच आसूड होतो.

तेव्हां मागावयाचें तें हें. कोठडीचें दार साध्या माणसांना अवचित पाहतां यावें, आणि पाहणाऱ्यांत ज्यांच्यावर धाडी पडतात त्यांचीही माणसें असावींत. ठाण्याच्या मुख्यानें ठराविक मुदतीनें ग्रामसभेपुढें उभें राहून किती फिर्यादी आल्या, किती नोंदल्या, किती तपासल्या, याचा हिशेब द्यावा. तक्रार ऐकणारें प्राधिकरण तालुक्याच्या माणसाला एस.टी.च्या भाड्यांत गांठतां यावें. आणि ज्याला देखरेखीवर बसवावयाचें, त्याला मुदतीपूर्वीं उठविण्याची सोयही त्याच कायद्यांत असावी.

हें मिळेपर्यंत जें हातांत आहे तें तरी सोडूं नका. फिर्याद लिहून घेतल्यावर तिची नक्कल फिर्यादीला फुकट द्यावी असा कायदा आहे. ती घेतल्यावांचून ठाण्याची पायरी उतरूं नका. धरलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आंत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें पाहिजे, असें घटनेच्या २२ व्या कलमांत आहे. अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीनिशीं करावा, नातेवाइकाला कळवावें, असें सुप्रीम कोर्टानें १९९६ मध्यें डी. के. बसू खटल्यांत सांगितलें. शेजाऱ्याच्या पोराला धरून नेलें तर "आपल्याला काय करावयाचें?" म्हणून दार लावून घेऊं नका. दोघे मिळून ठाण्यावर जा, हात जोडून पण ताठ मानेनें विचारा: कशासाठीं धरलें, केव्हां धरलें, कागद कोठें आहे? शेजारी पारधी असो, कुंभार असो, कीं कुणबी असो.

इंग्लंडांतली ती खुर्ची २०२८ मध्यें जाईल, जाऊं द्या. खुर्च्या येतात आणि जातात. शेताचा धनी मात्र रोज सकाळीं उठून कुंपणावरून फेरी मारतो, म्हणून पीक घरीं येतें. ज्यानें चार वर्षांतून एकदांच बांधाकडे पाहिलें, त्यानें कुंपणाला दोष देऊं नये आणि नशिबालाही देऊं नये.